रस्त्यावर तपासली

वाडीचं फिटनेस सेंटर, लेन दोन.
मे महिना. कूलरचा वाळा कोरडा,
पत्र्याखाली हातातला पानासुद्धा भाजतो.

बिसन कुमरे जीप घेऊन आला देवलापारहून,
चारी चाकं ओढणारी, लिलावातली,
बोनेटवर मोहफुलांचे चिकट डाग.
मागची चाकं रोलरवर घेतली. म्हटलं,
"टू-व्हीलमध्ये टाका."
"लिव्हर अडकली मॅडम, मागच्या पोळ्यापासून.
नाल्यात टाकली होती, मंग निघालीच नाही."

बटण दाबायला नको होतं. दाबलं.
रोलरने मागच्या चाकांना सांगितलं, फिरा.
त्यांनी दांड्याला सांगितलं, दांड्याने पुढच्यांना,
आणि पुढची चाकं तर जमिनीवर होती,
खऱ्या जमिनीवर.
जीप खाचेतून उठली
आणि माझ्या टेबलापर्यंत चालत आली.
रजिस्टर पडलं. चहा सांडला.
काचेमागून ढेंगरे साहेब, "काहून बाप्पा!"
कुमरे ब्रेकवर जवळजवळ उभा.
म्हणाला, "तिले एका जागी धावता येत नाही."

बुटीबोरीला म्हणे नवं यंत्र आलंय.
डावं चाक पुढे फिरवतं, उजवं मागे,
तेवढ्याच वेगाने;
मधला दांडा गप्प राहतो,
पुढच्या चाकांना पत्ताच लागत नाही.
सहा महिने मी घर असंच चालवतेय.
आईला एक सांगायचं, दादाला उलटं,
तेवढ्याच वेगाने.

आमच्याकडे ते यंत्र नाही.
आमच्याकडे गोदामांमागचा दोनशे मीटर रस्ता आहे.
मीटर पायाशी ठेवला, कुमरेच्या बाजूला बसले.
"तीसवर न्या. मी म्हटलं की दाबा."
डांबर मऊ झालेलं. सावलीच्या पट्टीत एक कुत्रं,
ते उठलंसुद्धा नाही.
"दाबा."

चारी चाकं एकदम थांबली.
माझी ओढणी पुढे काचेला जाऊन लागली.
कुमरेने डोळे उघडले.
मिटले होते, हे मला तेव्हा कळलं.

आकडा ठीक निघाला.
हँडब्रेक दोन दात सैल, तो लिहिला.
लिव्हर पंधरा दिवसांत सोडवा, तेही लिहिलं.
शेरा: रोलरवर नाही. रस्त्यावर तपासली.
ढेंगरे साहेबांनी सही केली
आणि सांडलेल्या चहाचे दहा रुपये माझ्याकडून घेतले.

सुट्टी झाल्यावर मागच्या गेटने निघाले.
डांबरावर चार काळे पट्टे,
डावा पुढचा वीतभर लांब.
कुत्रं त्यांच्यावर येऊन झोपलेलं.
तेवढ्यात दादाचा फोन.
म्हटलं, थांब, घरी पोचते,
आईच्या समोर बोलू.