उलटी बाजू

नंदुरबारच्या बाहेर, धुळे रस्त्याला,
आठ एकर लाल.
डोळे मिटले तरी लालच दिसतं.
देठ खुडणाऱ्या बायांच्या पलीकडे
मी पोती वाहतो. घाम कमरेवरून खाली उतरतो
आणि जिथे जाऊन थांबतो
तिथली गोष्ट आहे ही.

भादव्यात रुपयाएवढं होतं.
दिवाळीला भाकरीएवढं,
कडा लाल, मधे फिकट, दोन्ही जांघांत.
आणि हात तर मिरचीचे.
एकदाच खाजवलं, विसरून.
त्या दिवशी पाण्याच्या टाकीत कपड्यांसकट बसलो,
मुकादमाला सांगितलं, ऊन लागलं.

"बसत काब्र नही रे?" दिलवर विचारायचा.
मी म्हणायचो, पाठ.
पुरुषाची पाठ फार कामाची,
सगळं तिच्यावर ढकलता येतं.

मेडिकलवाल्याने न बघताच ट्यूब दिली.
तीन दिवसांत गायब. देवमाणूस, म्हटलं.
दहाव्या दिवशी परत, बेंबीपर्यंत.
पुन्हा ट्यूब. पुन्हा.
कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी झाली.

शेवटी दिलवरनेच सरकारी दवाखान्यात नेलं.
खिडकीवर त्याने स्वतःचाही केसपेपर काढला.
आम्ही एकमेकांकडे पाहिलं नाही.
पंपावर आमचा टॉवेल एकच होता, सहा महिने.

वसावे डॉक्टरबाईंनी नाव सांगितलं, गजकर्ण,
मिरचीचं वाण सांगावं तसं.
ती ट्यूब फेका, म्हणाल्या,
ती खाज झोपवते, बुरशीला जेवू घालते.
ही लावा, डागाच्या दोन बोटं बाहेरपर्यंत,
डाग गेला तरी पुढे पंधरा दिवस.
टॉवेल ज्याचा त्याचा. अंग कोरडं झाल्यावरच कपडा,
सुती, सैल. घरात अजून कुणाला आहे का, विचारा.
आणि आतले कपडे धुऊन, उलटे करून, उन्हात—
मी तिथेच हसलो.
बाई रागावल्या.

त्यांना काय सांगू?
ओली मिरची ढिगात राहिली की आतून बुरशी धरते,
पसरा, पालटा, दोन्ही बाजूंना ऊन दाखवा,
हे वीस वर्षं मी नव्या पोरांवर ओरडतोय.
आणि माझी चड्डी
रमीलाच्या पातळाखाली, सावलीत, दमट,
लाजत वाळत होती.

रमीलाला विचारलं.
तिने नाडी जराशी खाली सरकवून दाखवलं,
चार महिने झाले, म्हणाली.

आता पथारीच्या तारेवर दोन टॉवेल,
चार चड्ड्या, शिवण बाहेर.
बाया बघतात, हसतात, देठ खुडतात.
संध्याकाळी आधी साबणाने हात,
दोनदा,
मग ट्यूब.
हा क्रम चुकवू नये.
मी एकदा चुकवलाय.