ओलं जळण

दव इतकं पडलेलं की तुरकाठ्या नुसत्या धुमसत राहिल्या.
भूमय्यानं तीन काड्या वाया घालवल्या,
चौथी छातीच्या आडोशाला धरली, तीही गेली.
गुरुपाद म्हणाला, हळू बे,
माग चालू करायलास का?

बोरामणीच्या शिवारात पहाटे सहाला
ज्वारी दिसते, ज्वारीवर बसलेलं धुकं दिसतं,
लांब हैदराबाद रोडवर ट्रकांचे दिवे.
आम्ही चौघं. कारखाना बंद पडून
येत्या संक्रांतीला वर्ष होईल.
गुरुपाद शेताकडं परतला.
आम्हा तिघांना परतायला शेत नव्हतं,
म्हणून त्याच्याच शेतात आलो, न्याहारीला.

त्याच्या सुगलाबाईनं पाटीभर माल आणून ठेवला.
काटेरी देठांची हिरवी वांगी,
मुळासकट उपटलेला डहाळा, मुळांना काळी माती,
कांद्याची पात,
आणि कणसं, दुधावरची,
दाणा चिमटला की बोटावर पांढरा थेंब.
सगळं होतं. जाळ नव्हता.

मग मी पिशवी उघडली.
कांड्या होत्या. लाकडी, जुन्या.
भंगारवाल्यानं मागाचं लोखंड किलोवर नेलं,
लाकूड नको म्हणाला. मी घरी आणलं.
कशाला, ते विचारू नका,
सून रोज विचारते.
तेवीस वर्षं मी ह्याच भरल्या.
डाव्या अंगठ्यावर सुताची रेघ आहे,
पीठ मळताना अजून तिच्यात पीठ अडकतं.

"ह्या, अक्का?" भूमय्यानं विचारलं.
लाव, म्हटलं. तेल प्यालेल्या आहेत,
दवाबिवाला जुमानणार नाहीत.

पेटल्या.
आधी कडेनं निळ्या, मग एकदम पिवळ्या.
वास आला तो मशीनच्या तेलाचा,
रात्रपाळीत तीन वाजता
भिंतीला पाठ लावून प्यालेल्या चहाचा.
कुणी काही बोललं नाही.
शब्बीर जॉबर जाळाकडं मान वाकडी करून बघत राहिला,
कुठला नट ढिला झालाय ते शोधत असल्यासारखा.

मग तुरकाठीनं धरलं. तडतड झाली.
भूमय्याला मागांनी अर्धा बहिरा करून सोडलाय,
त्याच्याशी आम्ही मयतातसुद्धा ओरडून बोलतो.
तो म्हणाला, "ऐकू आलं."
काय?
"काडी मोडली ती."

तेलाचा वास जाऊ दे, मगच घाला,
सुगलाबाईनं दटावलं,
आणि गोवऱ्या रचून खरा आर केला.
कणसं आत खुपसली. डहाळा वरच धरला,
घाटे काळे होऊन फुटले
आणि पहिला घास घ्यायच्या आतच
चौघांचे ओठ काळे.
शब्बीरनं गरम कणसं तळहातावर चोळली, फुंकली,
हिरवे दाणे माझ्या ओंजळीत ओतले,
वर लाल शेंगाचटणी, उखळातली, तेल सुटलेली.
त्याच्या तळहातांना चटका कळत नाही.
पूर्वी सगळ्यांचेच तसे होते.

वांगी मीच भाजली.
उलटायला काही सापडेना,
म्हणून एक कांडी मागं ठेवली होती तिनंच उलटली,
एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर,
साल सुटेपर्यंत.
मीठ, पात, ठेचलेली मिरची.
भाकरी इतकी गरम की पहिला तुकडा
प्रत्येकानं एकदा तरी खाली टाकला.

ऊन वर आलं तेव्हा धुकं गेलं होतं
आणि भूमय्या झोपला होता, बांधावर,
तोंड उघडं, ओठ काळे.
त्याला उठवायला कुणी ओरडलं नाही.

एसटीत पिशवी हलकी लागली.
आत वाटीभर हुरडा, नातवासाठी,
आणि ती कांडी, एका टोकाला जळलेली.
सून विचारेल.
वांगं उलटायला, म्हणेन.