पोटखराबा

एकतीस मार्चच्या आत
सतरा लाख साठ हजार संपवायचे होते,
नाहीतर ते परत जाणार मंत्रालयात,
आणि परत गेलेला पैसा
रुसलेल्या जावयासारखा,
पुढच्या वर्षी बोलावूनही येत नाही.
म्हणून मला, लेखाशाखेतल्या माणसाला,
ज्याने चौदा वर्षांत कांदळवनाचं फक्त लेखाशीर्ष पाहिलं,
पाठवलं भांडुपच्या खाडीवर
खांब मोजायला.

बिलात खांब चारशे बारा.
काँक्रीटचे, पांढरे, डोक्याला लाल पट्टा.
वनरक्षक केणीबाई पुढे, मी मागे,
चपला हातात, पँट पोटऱ्यांपर्यंत.
‘या बिनधास्त, इथं रुततं, पण गिळत नाही.’

सातबाऱ्यावर ही सगळी जमीन पोटखराबा.
हा शब्द मी शेकडो वेळा टाइप केलाय.
लागवडीस अयोग्य. आकार निरंक.
पायाखाली निवट्या टुणकन उडत होत्या,
चिंबोऱ्यांच्या बिळांतून बुडबुडे येत होते
मंद आचेवर काही शिजत असावं तसे.
जिच्या पोटात एवढं चाललंय
तिला पोटखराबा लिहिणारा पहिला कारकून कोण,
आणि त्या दिवशी तो जेवला होता का?

चारशे नऊपर्यंत मोजले.
तीन नव्हते.
केणीबाईंनी काठी खुपसून जागा दाखवली:
‘एक इथं. भादव्याच्या उधाणात गेला.
आत आहे अजून. उभाच असेल.’
उभाच असेल,
हे देयकावर कुठे लिहू?

मग रोपं.
आराखड्यात चार हजार, दीड मीटर अंतराने,
शाळेच्या कवायतीसारखी.
चिखलात उरले होते बांबू,
बांबूंना सुतळीचे तुकडे,
एकाला दुधाची रिकामी पिशवी.
जिवंत: एकशे सहा.
केणीबाई काही बोलल्या नाहीत.
ठेकेदार बोलला, फोनवर, बराच वेळ.

परतताना त्यांनी मला खांबांपलीकडे नेलं,
जुन्या मिठागराच्या फुटक्या बांधापाशी.
आमची हद्द तिथे संपते.
त्या जागेची फाईल दुसऱ्या मजल्यावर, दुसऱ्या विभागात,
घरकुलांच्या गठ्ठ्यात.
आणि तिथे तिवरं.
कागदावरचं कांदळवन नव्हे, केणीबाईंच्या तोंडातली तिवरं,
कमरेएवढी, दाटीवाटीने,
ना ओळ, ना अंतर.
पानांवर मीठ साचलेलं.
बाई वळल्यावर मी एक पान चाटून पाहिलं.
‘कुणी लावली?’
‘बांध फुटला. पाणी येऊन जाऊन राहिलं.’
‘कधी?’
‘माझी बदली व्हायची होती त्या वर्षी.’
थोड्या वेळाने म्हणाल्या, ‘झाली नाही.’

रात्री साडेदहाला उपयोगिता प्रमाणपत्र भरायला बसलो.
मंजूर. प्राप्त. खर्च. शिल्लक.
आपोआप उगवलं त्याला रकाना नाही.
शेऱ्याला अर्धा इंच जागा, त्यात बारीक अक्षरात लिहिलं:
‘हद्दीबाहेर अंदाजे दोन एकर तिवर आढळले.
खर्च निरंक. संरक्षणाबाबत आदेश व्हावेत.’

गद्रे साहेबांनी ‘हद्दीबाहेर’वर बोट ठेवलं.
‘आदेश मागितला की प्रश्न येतो, प्रश्न आला की समिती येते.
आणि तुम्ही तिथे गेलातच कसे? खोडा.’

खोडलं.
पण एकच रेघ मारली, सरळ,
खालचं प्रत्येक अक्षर वाचता येईल अशी.
आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवतात ते:
खोडलेलं काळं करायचं नाही,
शेजारी सही करायची, तारीख घालायची.
मी दोन्ही केलं.

बारा वाजायला सात मिनिटं होती.
नखांतला चिखल वाळून आता पांढरा पडला होता.
भरती, केणीबाई म्हणाल्या होत्या,
दीडच्या सुमारास.