छाट

जाहिरात बारा ओळींची होती.
हत्तुरे सरांनी पाठवली, खाली एवढंच: बघ.
मशीन लर्निंग, प्रतिमांचं विश्लेषण,
कनिष्ठ संशोधक, जागा एक,
मुदत शुक्रवार, संध्याकाळी पाच.

त्याआधीच्या सात ठिकाणी
छापून आलेले दोन पेपर हवे होते,
एका ठिकाणी माझं वयच जास्त झालं, चार महिन्यांनी.
दर वेळी मनात म्हणाले, छाट.
अम्माचा शब्द आहे हा.
कारखान्यात हजार बिड्या पुढ्यात ओतल्या
की चेकर नुसती बोटं फिरवतो
आणि दोनशे बाजूला सारतो. छाट.
का, ते सांगत नाही.
वर्गीकरण म्हणजे काय
हे मला आधी पुस्तकातून कळलं नाही.

अर्जात विचारलं होतं:
तुमच्याकडे स्वतःचा काही डेटा आहे का?
मी उठले, पलंगाखालून टॉवेल ओढले,
नान्ना अक्कलकोट रोडच्या शेडमधून आणतात तो
सेकंड माल.

दोन रात्री फोटो काढले.
अम्मा टॉर्च तिरका धरून बसली.
सरळ उजेडात दोष दिसत नाही
हे तिला कुणी सांगितलं, ठाऊक नाही.
नान्ना डोळे मिटून बोट फिरवायचे:
तुटका ताणा. सुटलेली वीण. इथे गाठ. हे तेल.
मी टाईप करत गेले.
आठशे चाळीस फोटो,
आणि उकाडा असा की लॅपटॉप
चार उपड्या वाट्यांवर ठेवलेला.

गुरुवारी मॉडेल बऱ्यापैकी शिकलं.
मग सहज, घरातली चादर दाखवली,
नान्नांनी जकार्डवर विणलेली, मोराची.
ते म्हणालं, दोष.
चौऱ्याण्णव टक्के खात्री.
उजव्या काठापाशी लाल चौकोन.

नान्ना वाकले. मग हसले, किती दिवसांनी.
"सापडला की गं तुझ्या यंत्राला."
पिवळ्याच्या जागी हिरवा धागा, दोन बोटं.
"मुद्दाम टाकायचो. प्रत्येक चादरीत.
शिक्का तर मालकाचा.
माझी कुठली, हे मला तरी कळायला नको?"

तीस वर्षं कुठल्याच चेकरला दिसला नव्हता.

दोष आणि निर्दोष, दोनच फोल्डर होते.
मी तिसरं उघडलं. नाव सुचेना,
रिकामंच ठेवलं तर संगणक ऐकेना,
शेवटी लिहिलं: म्याकल.
शुक्रवारी वीज गेली. शेजारच्या वेणूच्या
फोनवरून नेट घेऊन
पाचला सहा मिनिटं असताना अर्ज गेला.

मुलाखतीत एका बाईंनी तेच काढलं.
"ह्या वर्गात फोटो एकच आहे, स्रवंती.
एका उदाहरणावर काही शिकता येत नाही."
माहीत आहे, मॅडम.
"मग?"
बाकीच्या चादरी शोधायच्या आहेत.
त्यांनी काहीतरी लिहून घेतलं.
काय, ते पडद्यावरून दिसलं नाही.

निकाल यायचाय.
नान्ना मात्र आता लग्नघरी, दवाखान्यात,
कुठेही चादर दिसली की
आधी उजवा काठ उलटून बघतात.
काल स्टेशनबाहेर, चहाच्या गाड्याच्या बाकावर
एक मिळाली, पार विटलेली.
चहावाला म्हणाला, काय काका, फाटलीय का?
त्यांनी खिशातून फोन काढला.

फोटो हललाय.
तरी ठेवलाय मी.