शिल्लक

डोक्कुमच्या चौकात पोचलो तेव्हा
टेबलं आवरायला घेतली होती.
शिक्का मारणारी बाई कोट घालून उभी,
शिक्का तिच्या खिशात.
तिने तो काढला, तोंडाची वाफ दिली,
आणि नऊ कार्डांवर
नऊ फिकट ठसे उमटवले.

कुणीच ओरडलं नाही.
पहाटे साडेतीनला निघालो तेव्हा
ओरडायचं ठरलं होतं.

समुद्राच्या बांधावर शेवटचे साठ किलोमीटर
वारा समोरून.
तिरकी रांग. पुढच्याने दोन मिनिटं सोसायचं,
मग बाजूला सरकून
कुणाच्या तरी पाठीआड शिरायचं.
मेंढ्यांसाठी लावलेली फाटकं, चौदा.
प्रत्येक वेळी उतरा, उघडा, शेवटच्यासाठी धरून ठेवा.

आज मी सात तास वित्स्केची पाठ पाहिली.
उसवलेली शिवण,
खिशातलं काळं पडत गेलेलं केळं.
चेहरा आत्ता दिसतोय,
मिठाने पांढरा;
ओळखायला क्षणभर लागला.

तेवढ्यात शूर्डने हँडलवरच्या आकड्याकडे बोट केलं:
दोनशे नव्व्याण्णव पूर्णांक चार.

कुणी हसलं नाही. चढलो पुन्हा.
मासे तळणाऱ्या गाडीला वळसा,
चर्चच्या भिंतीला वळसा,
दगडी फरसबंदीवर दातांचा खडखडाट.
एका खिडकीत एक मूल
आमच्या फेऱ्या मोजायला लागलं.

दाउवे तेवढा बाकावर बसून राहिला.
एकाहत्तर वर्षांचा. बांधावर
दोनाची चार मिनिटं करायचा,
आम्ही मोजत नाही असं समजून.
सायकलवरून एकदा खाली आलेला पाय
आता परत वर जाईना.
गुडघ्याशी काहीतरी बोलला तो,
त्या दोघांच्यातलं.

पाचव्या फेरीला आकडा पालटला.
तीनशे.
त्याच्यासमोर ब्रेक दाबले तेव्हा
ओशाळायला झालं.
"तुझे सहाशे मीटर आम्ही वाटून घेतो," आंके म्हणाली.
"नको. राहू देत शिल्लक.
घर तेवढंच लांब आहे."

उठला. सीटवर हात टेकून
म्हातारी गाय गोठ्याकडे न्यावी
तशी सायकल चालवत
कालव्याच्या पुलाकडे निघाला.

मागून आम्ही आठजण, पायी,
आपोआप त्याच तिरक्या रांगेत,
वारा पडला होता तरी.
कुणीतरी सवयीने ओरडलं, "पुढचा बदला!"

दाउवे बाजूला झाला नाही.