नमुना क्रमांक त्रेपन्न

मोलगीच्या आश्रमशाळेतून आलेली
जांभळ्या बुचाची नळी.
वेस्ती पाडवी, वय तेरा.
काचेखाली पाहिलं तर विळेच विळे,
आईकडून एक, बापाकडून एक,
न मागता मिळालेलं आंदण.

इथवर नवीन काही नव्हतं.
सातपुड्याच्या या कुशीत
सात वर्षं मी विळेच मोजते आहे.
दोंडाईच्याच्या लोहाराची पोर,
मोजायला दुसरं काय घेणार होते?

नवीन होतं ते लोह.
फेरिटिन नऊ.
फक्त नऊ.
आणि शाळेचं रजिस्टर सांगत होतं
दर सोमवारी एक निळी गोळी,
दोन वर्षं, एकही खाडा नाही,
चौकोना-चौकोनात गुरुजींची ठसठशीत खूण.

लोहाला रक्तात शिरायचं तर यकृताची परवानगी लागते.
यकृत एक छोटासा निरोप धाडतं, हेप्सिडिन त्याचं नाव.
निरोप पोचला की आतड्याचं दार बंद.
एकदा आत आलेल्या लोहाला
घालवून द्यायची वाट शरीराकडे नाही,
म्हणून उंबऱ्यावरच एवढा पहारा.
वेस्तीचा निरोप मी तीनदा मोजला.
जवळजवळ शून्य.
म्हणजे दार सताड उघडं,
दर सोमवारी पाहुणा अंगणात,
आणि घर रिकामं.

अकरा महिने मी त्या रिकाम्या घरात राहिले.
धुळ्याच्या प्रयोगशाळेत लाईट गेली की
बर्फाच्या पेटीवर गोधडी टाकून बसायचे
आणि वाटायचं, हा नवा दोष असेल,
अजून कुठल्याच पुस्तकात नसलेला,
एका अक्षराची चूक, पिढ्यान्‌पिढ्या उतरलेली.
त्याला नावही ठरवून ठेवलं होतं.
सांगणार नाही.
वडील फोनवर म्हणाले,
"लोखंडले घाई चालत नही, पोरी,"
आणि खोकत राहिले.

मग पुन्हा गेले. नव्या नळ्या, नव्या सुया.
वेस्तीने हात पुढे केला,
सुईकडे न बघता विचारलं,
"मागचं रक्त संपलं?"
मी म्हटलं, संपलं नाही गं, मला ते कळत नाहीये.
ती जरा वेळ माझ्याकडे बघत राहिली,
फळ्यापाशी अडकलेल्या मुलाकडे बघतात तशी,
आणि उठली.

वसतिगृहामागे एक मोहाचं झाड.
बुंध्यात मनगट जाईल एवढी ढोली.
आत गोळ्या.
काही अजून गोल, काही चिकटून ढेकूळ झालेल्या,
निळा रंग सुटून सालीवर ओघळलेला,
आणि त्याखाली
भात्याजवळ बसून लहानपणी पाहिलेला
तोच तांबडा गंज.

एकाहत्तर भरल्या.
बाकीच्या, ती म्हणाली, पावसाने खाल्ल्या.
"का गं?"
"शी काळी होते."
मान खाली.
"मुली हसतात. संडासाला दार नाही."

दार नाही.
आणि मी आतड्यात शोधत होते.

परतीच्या घाटात खूप हसले,
अक्कलकुव्यापर्यंत हसू उरलं नाही.
वहीतलं ते नाव खोडलं.
शोधनिबंधाच्या तक्त्यात त्रेपन्नपुढे आता तारका आहे,
तळाशी सहा शब्द:
गोळ्या नोंदवल्या गेल्या, गिळल्या गेल्या नाहीत.
प्रकल्प कार्यालयात अर्ज दिला. विषय: दार.
साहेब म्हणाले, हे तुमच्या संशोधनात येतं का?
येतं, म्हटलं.

दार मार्चमध्ये बसलं. कडी आतून.
पुढच्या सोमवारी मुद्दाम रांगेशेजारी उभी राहिले.
वेस्तीने गोळी घेतली, पाणी प्यायली,
आणि माझ्यासमोर येऊन
जीभ बाहेर काढली.

निळी.

म्हणजे बराच वेळ तोंडात धरली होती.
गिळली का,
ते तीन महिन्यांनी फेरिटिन सांगेल.