चर-तपासनीस

लेवार्डनच्या इस्पितळात, तळमजल्यावर, खोली नऊ.
गुरुवारी सकाळी सातला
यंत्राच्या पांढऱ्या ओंजळीत
फोप्पे वियार्डांनी आपला डावा हात ठेवला,
घड्याळ काढून माझ्याकडे देत:
"सांभाळ आल्के, याचा काही भरवसा नाही."
याचा म्हणजे यंत्राचा की घड्याळाचा,
मी विचारलं नाही.

म्हातारा चौतीस वर्षं चर तपासत हिंडला.
दर नोव्हेंबरात, पाणीमंडळाची टोपी घालून,
हातात खुणा केलेली काठी,
कुणाच्या शेताकडेचा चर शेवाळला,
कुणी गाळ उपसला नाही,
कुणाला किती दंड.
समुद्राहून खाली राहणारी माणसं आम्ही;
इथे पाणी तुंबलं तर भांडत नाहीत, बुडतात.

यंत्राने आधी उजेड सोडला,
डोळ्यांना न दिसणारा, तांबड्याच्याही पलीकडचा,
आणि पडद्यावर हात उघडा पडला:
राखाडी कुरण, त्यात काळे चर, चरांना फाटे.
मग गार जेल, त्यावरून सरकणारा ध्वनीचा डोळा:
कातडीखाली किती मिलिमीटर, रुंदी किती,
आत काही वाहतंय
की नुसतीच रेघ.

फोप्पे चष्मा कपाळावर चढवून बघत राहिले.
"हा चर," बोट पडद्यापाशी, "गाळाने भरलाय.
मालकाला चाळीस युरो."
मालक तेच.
औषधाच्या सहा फेऱ्यांनंतर
शिरा जळक्या सुतळीसारख्या.

माझी एकतीस वर्षं या बोटात आहेत.
तर्जनीत नव्हे, मधल्या;
तर्जनी घाई करते.
शीर दिसावी लागत नाही, ती हाताला लागावी लागते,
नव्या पोरींना मी हेच शिकवायची.
आता मला पगार मिळतो
यंत्राशेजारी उभं राहायचा,
एक लाल बटण राखत.

सुई पुढे आली. थांबली.
शीर बाजूला सरकली, बिलंदर;
म्हाताऱ्यांच्या सरकतातच.
यंत्राने पुन्हा पाहिलं. दुसरा फाटा. पुन्हा मोजलं.
आणि टोचायच्या आधीच
सुई निमूट मागे गेली.
पडद्यावर दोन ओळी:
योग्य शीर आढळली नाही.
कर्मचाऱ्याला बोलवा.

मला आनंद झाला, कबूल करते,
घोटभर.
मग आठवली ल्युक्रेशिया, परामारिबोहून आलेली,
बाराव्या खोलीतली.
तिच्या सावळ्या हातावर काही दिसेना, बोटाला लागेना,
तरी एक, दोन, तीन,
चौथ्यांदा म्हटलं, "आता नक्की."
पाचव्यांदा काहीच म्हटलं नाही.
ती छताकडे बघत होती.
"सापडत नाही" एवढंच म्हणायचं होतं,
ते तोंडातून निघालं नाही.
जांभळ्या डागावर कापूस दाबत मी म्हटलं,
"तुमच्या शिराच अवघड, बाई."

लोक म्हणतात, यंत्राला दया नाही.
नसेल.
मला होती ना?

"ये," फोप्पे म्हणाले, "घाल आता तुझी काठी."
मी स्टूल ओढलं. त्यांचा हात कोमट पाण्यात ठेवला,
मग उजेडाखाली पालथा धरला.
करंगळीच्या बाजूला एक बारीकसा चर,
ज्याच्याकडे मी कधी वळले नसते.
पडद्याने दाखवला. बोटाने बराच वेळ घेतला,
मग हो म्हटलं.

"एकदाच टोचेन. नाही सापडली तर तसं सांगेन."
"सांग की. दंड नाही करायचा मी."

रक्त आलं, सावकाश, काळसर,
नळीच्या तळाशी आधी एक थेंब विचार करत बसला.
"आयुष्यभर रक्ताचं पाणी केलं," ते म्हणाले,
"उरलंय तेवढं घे."
नजर खिडकीबाहेर, सायकलींच्या रांगेवर.
"वाहतंय?"
"वाहतंय."

घड्याळ परत द्यायचं राहिलं.
दुपारी खिशात हात घातला तेव्हा
ते चालू होतं,
सात मिनिटं मागे.